खोडायचं नाही, कंस करायचा

सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांमध्ये होणारे बदल आणि ते सांभाळण्याची रीत, हा आजचा विषय. कविता लिहिणाऱ्या, बी. ए. होऊन थांबलेल्या माणसानं या विषयाला हात घालावा, याचं काहींना नवल वाटेल. मी राहतो जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईला. आमचं गाव ओळखलं जातं ते हिरव्या मिरचीच्या बाजारामुळे. सॉफ्टवेअरची एकही कंपनी इथं नाही. पण सॉफ्टवेअर मात्र बांधापर्यंत येऊन पोचलेलं आहे. ज्या रानात मिरची लावली त्याचा सातबारा संगणकावर, पीकपाहणी मोबाईलवर, पीककर्ज आणि विम्याचा अर्ज ऑनलाइन. दूर कुठंतरी कार्यालयात बसून कुणी एक रकाना बदलला, तर त्याची झळ इथल्या शेतकऱ्याच्या खिशाला लागू शकते. तेव्हा हा विषय अभियंत्यांचा आहे तितकाच आपलाही आहे.

माझा एक भाचा पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. ईदला आला की त्याच्या कामाबद्दल मी त्याला विचारत बसतो. तो एकदा म्हणाला, "मामू, लोकांना वाटतं आम्ही दिवसभर नवीन प्रोग्रॅम लिहितो. खरं म्हणजे आमचा बराचसा वेळ जुन्यात बदल करण्यात जातो." मला आश्चर्य वाटलं. बैलगाडीचं चाक झिजतं, मोटेचा दोर कुजतो, म्हणून ते बदलावे लागतात. सॉफ्टवेअर म्हणजे तर संगणकाला दिलेल्या लेखी सूचना. त्या झिजत नाहीत, कुजत नाहीत. मग बदल कशासाठी?

याचं उत्तर मॅनी लेहमन नावाच्या संशोधकानं १९७४ च्या सुमारास देऊन ठेवलं आहे. आयबीएम कंपनीच्या एका अवाढव्य प्रणालीच्या आवृत्त्या तपासून त्यांनी काही नियम मांडले. पहिला नियम असा की, जे सॉफ्टवेअर लोकांच्या रोजच्या वापरात आहे त्यात सतत बदल करत राहावं लागतं, नाहीतर ते दिवसेंदिवस निरुपयोगी होत जातं. सॉफ्टवेअर जागेवरच असतं, भोवतालचं जग पुढं सरकतं. कायदा बदलतो, कर बदलतो, बँकेची पद्धत बदलते. दुसरा नियम याहून कठोर आहे. बदल करत गेलात की गुंता वाढत जातो, आणि तो कमी करण्यासाठी वेगळे कष्ट घेतले नाहीत तर वाढतच राहतो. मुख्य घराला ओसरी, ओसरीला पडवी, पडवीला पत्र्याची शेड, असं बांधत गेलेलं घर आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. शेवटी न्हाणीचं पाणी कुठून बाहेर जातं हे घरातल्या म्हाताऱ्यालाच ठाऊक असतं, आणि तो गेला की कुणालाच नाही.

म्हणजे बदल टाळता येत नाही. प्रश्न उरतो तो बदल कसा करायचा याचा. आणि इथं मला सॉफ्टवेअरच्या कुठल्याही पुस्तकाआधी आठवतो गाव नमुना सहा.

शेतकऱ्याच्या घरात 'फेरफार' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. जमीन विकली, बाप वारला, भावांत वाटणी झाली, बँकेचा बोजा चढला किंवा उतरला, की सातबारावर बदल करायचा असतो. पण तलाठी (ज्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं ठरलं आहे, तरी गावात तो तलाठीच आहे) थेट सातबारावर पेन चालवू शकत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १५० त्याला तशी मुभा देत नाही. आधी त्याला गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत, नोंद धरावी लागते. त्या नोंदीला क्रमांक मिळतो. काय बदलणार, कशाच्या आधारे, कोणत्या गटाच्या बाबतीत, हे तिथं लिहावं लागतं. मग नोंदीची प्रत चावडीवर लावायची आणि ज्यांचा ज्यांचा हितसंबंध आहे त्या सगळ्यांना लेखी नोटीस द्यायची. हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत. हरकत आलीच, तर तिच्यासाठी वेगळी वही आहे, तिची वेगळी सुनावणी होते. हरकत नसेल, तर मंडळ अधिकारी कागदपत्रं तपासून नोंद प्रमाणित करतो. नोंद धरणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, ही त्यातली मेख आहे. एवढं झाल्यावरच सातबारावर बदल उतरतो, आणि त्याच्याजवळ फेरफाराचा क्रमांक लिहिला जातो.

आणि जुनं नाव? ते खोडत नाहीत, त्याला कंस करतात. कंसातलं नाव आता मालक नाही, पण एकेकाळी होतं, हे कायम वाचता येतं. २०२० साली सातबाराचा नवा नमुना आला तेव्हा कंसातल्या अशा नोंदींवर आडवी रेषही मारायचं ठरलं, पण रेषेखालचं अक्षर दिसतं. ते दिसायलाच हवं.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो हसायला लागला. त्यांच्या कंपनीत हेच चालतं म्हणाला, फक्त नावं इंग्रजी. ग्राहकाकडून बदलाची मागणी आली की तिला क्रमांक मिळतो. ती मागणी कुणाची, कशासाठी, कोणत्या भागाला लागू, हे लिहिलं जातं. त्याचा परिणाम कुणाकुणावर होईल याचा अंदाज काढून त्या सगळ्यांना कळवलं जातं. हरकती ऐकल्या जातात. बदल लिहिणारा एक असतो, तो तपासून मान्य करणारा दुसरा. आणि जुनी ओळ नष्ट होत नाही. तिचा इतिहास ठेवणारी वेगळी प्रणाली असते. अशा प्रणालींपैकी आज सगळ्यात जास्त वापरली जाणारी 'गिट', ती लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिहिली. कुणी, कोणत्या तारखेला, कोणती ओळ बदलली आणि का, हे तिच्यात वर्षानुवर्षांनंतरही पाहता येतं. बदल अंगाशी आला तर मागच्या स्थितीवर परतही जाता येतं.

थोडक्यात, फेरफार वही. निजामाच्या काळात आमच्याकडे महसुलाचा कारभार उर्दूत चाले. अजूनही कुणी जुन्या पेटीतला कागद माझ्याकडे वाचून घ्यायला आणतो. कागद पिवळा पडलेला, कडा उंदरानं कुरतडलेल्या. पण कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर आणि कोणत्या तारखेला, एवढं त्यातून निघतंच.

ही तुलना मात्र एका जागी अपुरी पडते. एका गटाचा फेरफार झाला तर शेजारच्या गटाला धक्का लागत नाही. सॉफ्टवेअरमध्ये लागतो. हे समजावून सांगायला मला गझलेचा आधार घ्यावा लागेल, आणि तो माझा प्रांत आहे.

मराठीत सुरेश भटांनी गझलेचे नियम नवोदितांपर्यंत नेले, ते बऱ्याच वाचकांना ठाऊक असतील. गझलेतला प्रत्येक शेर स्वतंत्र असतो. चौथ्या शेरातला एखादा शब्द मी बदलला, तर सातव्या शेराला त्याची खबरही लागत नाही. पण सगळ्या शेरांना बांधून ठेवणाऱ्या तीन गोष्टी असतात, वृत्त, काफिया आणि रदीफ. ही बांधणी पहिल्या शेरात, मतल्यात, ठरते. आता समजा गझल पूर्ण झाल्यावर मला वाटलं की रदीफ बदलावा. शब्द एकच आहे. पण तो बदलला की प्रत्येक शेराची दुसरी ओळ मोडून पुन्हा बांधावी लागते, आणि काही शेर तर बांधलेच जात नाहीत, ते सोडून द्यावे लागतात.

सॉफ्टवेअर असंच असतं. चांगलं रचलेलं असेल तर त्याचे भाग शेरांसारखे सुटे असतात, आणि एका भागातला बदल त्या भागातच राहतो. वाईट रचलेलं असेल तर प्रत्येक शब्द रदीफ होऊन बसतो. भाचा म्हणतो, ग्राहकाचा निरोप नेहमी 'एक छोटासा बदल आहे' असा येतो. त्यांच्याकडे सगळ्यात भीती त्या 'छोटासा' या शब्दाचीच. बदल शेरात आहे की रदीफात, हे ग्राहकाला दिसत नाही. दिसावं अशी अपेक्षाही नाही. ते पाहणं अभियंत्याचं काम. म्हणून बदल करण्याआधी त्याचा माग काढतात, आणि केल्यानंतर फक्त बदललेला भाग न तपासता आधी नीट चालणारं सगळं अजून नीट चालतं का, हेही पुन्हा तपासतात. या दुसऱ्या तपासणीचा कंटाळा केला की घात होतो.

एक साधं उदाहरण घ्या. २०२० च्या नव्या सातबारात शेतजमिनीचं क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटरमध्ये आणि बिनशेतीचं आर, चौरस मीटरमध्ये दाखवायचं ठरलं. वाचायला दोन ओळींचा बदल. पण क्षेत्राचा तो आकडा आणखी कोण कोण वाचतं? दुय्यम निबंधकाचं कार्यालय वाचतं, बँक वाचते, विमा कंपनी वाचते. यांच्यापैकी एखाद्याच्या संगणकाला 'आता एकक वेगळं आहे' हे सांगायचं राहिलं, तर आराचा हेक्टर होईल. ही भीती कल्पनेतली नाही. १९९९ साली अमेरिकेच्या नासाचं मंगळावर गेलेलं एक यान नष्ट झालं. एका गटाचा संगणक ब्रिटिश एककात आकडे देत होता आणि दुसऱ्याचा ते मेट्रिक समजून घेत होता. दोघांची गणितं आपापल्या जागी बरोबर होती.

आता आपल्या सातबाराकडेच वळू, कारण महाराष्ट्रातल्या सर्वसामान्य माणसाला भिडणारा याहून मोठा सॉफ्टवेअरचा प्रकल्प शोधावा लागेल. हाताने लिहिलेले कोट्यवधी शब्द संगणकात घालायचे होते. पहिल्या टप्प्यात ते टंकलिखित झाले तो काळ असा होता की मराठीचे टंक निरनिराळे, आणि एका संगणकावर लिहिलेलं दुसऱ्यावर उघडलं तर भुताटकीसारखी अक्षरं दिसायची. पुढे युनिकोड आलं. मग ई-फेरफार प्रकल्प आला. त्यात फेरफाराची नोंदच संगणकावर धरायची, आणि खरेदीखताची नोंदणी झाली की त्याची माहिती निबंधकाच्या प्रणालीतून आपोआप फेरफाराच्या प्रणालीकडे यायची, अशी सोय झाली. पण त्याआधी एक काम करणं भाग होतं. हाताने लिहिलेला सातबारा आणि संगणकातला सातबारा तंतोतंत जुळवायचा. कारण चुकीच्या पायावर ऑनलाइन फेरफार चढवला, तर चूकही अधिकृत होऊन बसते.

तेव्हा काय घडू शकत होतं, हे मी माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत पाहिलं. तिचं सासर दुसऱ्या तालुक्यात आहे, गावाचं आणि कार्यालयाचं नाव सांगायचं कारण नाही. नवरा वारल्यावर वारसाचा फेरफार रीतसर झालेला होता. हाताने लिहिलेल्या उताऱ्यावर दिरांच्या बरोबरीनं तिचं नाव होतं. आमच्या भागातल्या जुन्या कागदांवर मुसलमानांची नावं कशी असतात ते सांगतो. 'शेख' पूर्ण क्वचित लिहितात, नुसतं 'शे.' लिहून पुढं नाव. बापाच्या नावाआधी 'वल्द'. विधवा असेल तर नावापुढं 'बेवा' आणि नवऱ्याचं नाव. संगणकाच्या बहुतेक अर्जांत मात्र तीन चौकटी असतात, नाव, मधलं नाव, आडनाव. 'शे.' कोणत्या चौकटीत घालायचा? 'बेवा' कुठं? टंकलेखन करणाऱ्यानं एका दिराचा शेख पहिल्या चौकटीत घातला, दुसऱ्याचा शेवटच्या. आणि बहिणीची ओळ आलीच नाही. मुद्दाम वगळली असं मी म्हणणार नाही. ज्याला पानंच्या पानं उतरवून काढायची आहेत, त्याची बोटं अडखळली की एक ओळ सुटते.

हे कळलं केव्हा? तिनं पीककर्जासाठी अर्ज केला आणि 'तुमचं नाव उताऱ्यावर नाही' म्हणून कागद परत आला तेव्हा. जमीन तीच होती, तीच ती कसत होती, बांधावर उभं राहून पाणी तीच देत होती. पण कागदावर ती नव्हती. दीर भले माणूस होते म्हणून बरं. नसते, तर पुढचं सांगायला नको.

तिला तारलं ते एका क्रमांकानं. जुन्या हस्तलिखित उताऱ्याची एक नक्कल तिच्या ट्रंकेत होती आणि तिच्या नावाजवळ वारसाच्या फेरफाराचा क्रमांक लिहिलेला होता. त्या क्रमांकावरून जुनी फेरफार वही काढली, तीत नोंद सापडली, प्रमाणित केल्याची सही सापडली. लेखनातल्या चुका दुरुस्त करण्यासाठी महसूल अधिनियमात कलम १५५ आहे, त्याखाली अर्ज दिला आणि नाव परत आलं. मधे एक खरीप आणि एक रब्बी गेला. हा हिशेब कुठल्याही प्रकल्पाच्या अहवालात दिसत नाही. पण बदलाची नोंदवही का ठेवायची असं कुणी विचारलं, तर मी तिच्या ट्रंकेतला तो कागद दाखवीन.

अशा चुका एका गावापुरत्या नव्हत्या, म्हणूनच राज्यभर जुळवणीचं काम हाती घ्यावं लागलं. २०१७ साली चावडी वाचनाची मोहीम झाली. संगणकातला सातबारा गावासमोर मोठ्यानं वाचायचा आणि ज्याचं चुकलं असेल त्यानं तिथंच सांगायचं. सॉफ्टवेअरच्या जगात याला वापरणाऱ्यांकडून करून घेतलेली चाचणी म्हणतात, आणि त्यासाठी कंपन्या पुष्कळ खर्च करतात. मला विचाराल तर चावडीइतकी चांगली चाचणी दुसरी नाही. कुणाच्या आजोबांचं नाव काय होतं हे संगणकाला माहीत नसतं, पण पारावरच्या म्हाताऱ्याला असतं. त्यानंतर, १ मे २०१८ पासून, डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी वाचन, मग सही.

बदलाचे नियम मोडले तर श्रीमंत देशांतल्या मोठ्या कंपन्यांचीही सुटका होत नाही. १ ऑगस्ट २०१२ चा दिवस. अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची शेअरबाजारातली बडी कंपनी होती. तिनं आपल्या आठ सर्व्हरवर नवा प्रोग्रॅम घातला. म्हणजे घालायचा होता आठांवर, घातला गेला सातांवर. आठव्या सर्व्हरवर जुना प्रोग्रॅम राहिला, आणि त्यात २००३ पासून बंद असलेला एक भाग तसाच पडून होता. नव्या कामासाठी जी खूण वापरली होती, तीच पूर्वी त्या बंद भागाची खूण होती. बाजार उघडला, आठव्या सर्व्हरला ती खूण मिळाली आणि मेलेला भाग जागा होऊन भराभर शेअर्सची खरेदी-विक्री करू लागला. पाऊण तासात कंपनीचं चाळीस कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. चौकशीत दोन गोष्टी पुढं आल्या. हे काम दुसऱ्या माणसानं तपासावं असा लेखी नियमच कंपनीत नव्हता, म्हणजे आपल्या भाषेत तलाठी होता, मंडळ अधिकारी नव्हता. आणि बाजार उघडण्याआधीच संगणकानं चुकीची सूचना देणारे ९७ ई-मेल पाठवले होते, त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

ही हकिकत मला भाच्यानं सांगितली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं आले ते सातबारावरचे मयत खातेदार. माणूस वारून वीस वर्षं झाली, वारसाची नोंद केलेली नाही, नाव तसंच चालू. कुणाचा त्रास नाही म्हणून ते पडून राहतं, आणि एक दिवस त्याच नावावर काहीतरी व्यवहार उभा राहतो. २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातून सुरू होऊन राज्यभर गेलेली 'जिवंत सातबारा' मोहीम याचसाठी होती. मयतांच्या जागी वारस लावायचे. लेहमन यांनी गुंता कमी करण्यासाठीचे जे वेगळे कष्ट म्हटले होते, ते हे. त्यानं नवीन काही मिळत नाही, उद्घाटनाची फीतही कापता येत नाही. म्हणून ते मागं पडतं, सरकारांत आणि कंपन्यांतही.

दुसरी घटना ताजी आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक लहानशी फाइल जगभर पाठवली. तीत दोष होता. सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून थांबले. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. कंपनीनं तासा-दीड तासात दोष मागे घेतला, पण बंद पडलेला संगणक मागे घेतलेली गोष्ट ऐकणार कसा? बहुतेक ठिकाणी माणसाला हातानं दुरुस्ती करावी लागली. इथं चुकीपेक्षा ती वाटण्याची पद्धत जास्त नडली. आमच्याकडं नवं बियाणं आलं तर शहाणा शेतकरी पहिल्या वर्षी दोन सऱ्यांत लावून बघतो. त्या दिवशी एका झटक्यात सगळं रान पेरलं गेलं.

बदलाबाबत सॉफ्टवेअरवाल्यांमध्ये दोन पंथ आहेत. जुना पंथ म्हणतो, आधी सगळ्या गरजा लिहून काढा, त्यावर सह्या घ्या आणि मग काम करा. बदल उशिरा आला की महाग पडतो. ते खरंही आहे. पाया खणताना खोली फूटभर सरकवणं आणि स्लॅब पडल्यावर सरकवणं यातला फरक कोणताही गवंडी सांगेल. दुसरा पंथ फेब्रुवारी २००१ मध्ये जन्मला. अमेरिकेत यूटा राज्यात सतरा जण जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा काढला. त्यांचं म्हणणं, माणसाला काय हवं हे वस्तू हातात पडल्याशिवाय कळत नाही. म्हणून थोडं थोडं करा, दर काही आठवड्यांनी दाखवा, आणि बदल उशिरा आला तरी त्याचं स्वागत करा. मला हा दुसरा पंथ जवळचा वाटतो, कारण कविताही तशीच होते. पण त्याच्या नावाखाली वहीच न ठेवणारेही बरेच आहेत, असं भाचा सांगतो. बदलाचं स्वागत करायचं तर नोंद जास्त काटेकोर हवी, कमी नव्हे.

चांगल्या रचनेनं बदल किती सोपा होतो याचं एक उदाहरण देतो. २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद यांची नावं बदलली, २०२४ मध्ये अहमदनगरचं. त्यावर प्रत्येकाचं आपलं मत आहे, आणि आजचा विषय तो नाही. संगणकापुरतं बोलायचं तर, ज्या प्रणालीत प्रत्येक नोंदीवर जिल्ह्याचं नाव अक्षरांत लिहिलं होतं, तिच्यात नाव लाखो जागी बदलायला हवं. ज्या प्रणालीत जिल्ह्याला एक कोड दिला आणि नाव एकाच यादीत ठेवलं, तिच्यात ते एका जागी बदललं की झालं. नव्या सातबारावर गावाच्या नावाबरोबर गावाचा कोड छापतात, तो यासाठीही उपयोगी आहे. एकाच नावाची पिंपळगावं या राज्यात किती आहेत ते पाहा. आमच्या पिंपळगावाला रेणुकाई आहे म्हणून निभतं, संगणकाला मात्र आकडाच लागतो.

बदल अजून थांबलेले नाहीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून पीकपाहणी शेतकऱ्यानं स्वतः मोबाईलवर करायची पद्धत राज्यभर आली, आणि गाव नमुना बारा भरण्याचं काम तलाठ्याच्या हातून आपल्या हाती आलं. त्यानंतर शेतकरी ओळख क्रमांक आला, आणि २०२५ पासून शेतीच्या योजनांसाठी तो मागितला जातो. आधारवरचं नाव एका तऱ्हेचं, सातबारावरचं दुसऱ्या तऱ्हेचं, हा 'शे.' आणि 'शेख'चा घोळ तिथं पुन्हा समोर येतो. तो केवळ आमच्यातच आहे असं नाही. कुणाचं 'पाटील' कागदावर नाही, तर कुणाचं 'बाई' आधारवर नाही.

म्हणून आपला सातबारा वर्षातून एकदा तरी काढून पाहावा. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळू लागला, आणि नुसता पाहायचा असेल तर महाभूलेखवर दिसतो. नावं आणि क्षेत्र तर बघाच, पण त्यावर शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख दिलेली असते, तीही बघा. ती तुम्हाला ठाऊक असलेल्या शेवटच्या बदलाची आहे का? एखादा फेरफार प्रलंबित असेल तर तसं लिहिलेलं असतं. पूर्वी चावडीवर लागणारी नोटीस आता 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावरही दिसते. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गावात कोणकोणते फेरफार धरले आहेत ते मोबाईलवर वाचता येतं. त्यात तुमचा गट दिसला आणि तुम्ही काही विकलेलं नाही, वाटणीही केलेली नाही, तर त्याच दिवशी तलाठ्याकडे जाऊन लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मुदत पंधरा दिवसांची आहे.